कायद्याने दुकान बंद केले. तटाचे खिंडार कोण बुजवणार?

2025 सालच्या ऑगस्ट महिन्यात आपल्या संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचे विधेयक संमत केले. 20 ऑगस्ट रोजी लोकसभेने व 21 ऑगस्ट रोजी राज्यसभेने त्यास मंजुरी दिली आणि 22 ऑगस्ट रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ, मग ते नशिबाचे असोत वा कौशल्याचे, पुरवण्यास या कायद्याने मनाई केली आहे. असा खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर त्याची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्या माणसाला मात्र कायद्याने गुन्हेगार ठरवलेले नाही. या खेळांत सुमारे 45 कोटी लोक वर्षाला जवळजवळ 20 हजार कोटी रुपये गमावतात, असा अंदाज सरकारने त्या वेळी मांडला होता.

विधेयक संमत होताच अनेक मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले. काहींनी न्यायालयात धाव घेतली. कायद्याच्या वैधतेचा निर्णय न्यायालयांचा आहे, त्यात आम्ही शिरत नाही. श्रद्धावंतांपुढे आम्हाला वेगळाच प्रश्न ठेवावासा वाटतो. दुकान बंद झाले, पण गिऱ्हाईकाच्या मनातील ओढीचे काय?

ओढ आपला वेश बदलते, हा आपल्या प्रदेशाचा जुना अनुभव आहे. मुंबईत एके काळी न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील भावांवर आकडे लावले जात. ते भाव येणे थांबले, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढल्या जाऊ लागल्या आणि मटका रूढ झाला. आज कायदेशीर असलेल्या शेअर बाजारातही तीच ओढ शिरलेली दिसते. ‘सेबी’ने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, त्याआधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स व ऑप्शन्सचे व्यवहार करणाऱ्या दर शंभर व्यक्तींपैकी 93 जणांना तोटा झाला. एक दार लावले की मन दुसरे शोधते. म्हणूनच कायदा आवश्यक असला, तरी पुरेसा नाही.

शत्रू कोठून शिरतो?

संत इग्नेशियस लोयोला हे मुळात सैनिक होते. 20 मे 1521 रोजी पाम्प्लोनाच्या किल्ल्याचे रक्षण करताना तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. तटबंदी म्हणजे काय, हे त्यांनी अंगावर झेलून जाणले होते. पोप तिसरे पॉल यांनी 1548 साली मान्यता दिलेल्या त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात मोहाला तोंड देण्याचे नियम आहेत. त्यांतील एका नियमात ते सैतानाला सेनापतीची उपमा देतात. सेनापती किल्ल्याभोवती फिरून तटाची पाहणी करतो आणि जेथे तट सर्वांत दुबळा दिसतो, तेथेच हल्ला चढवतो. आपल्या आत्म्याचा शत्रूही असेच करतो.

वसईच्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. आपला किल्ला तीन बाजूंनी पाण्याने व दलदलीने राखलेला होता. 1739 साली तो पडला, तो जमिनीकडील बाजूने. तेथे बुरुजाखाली सुरुंग लागले आणि तटाला खिंडार पडले. बाकीचा तट कितीही भक्कम असला, तरी त्याचा काही उपयोग झाला नाही.

आपल्यापैकी अनेकांचे असेच असते. रविवारचा मिस्सा चुकत नाही, घरात रोझरी होते, उपवास पाळले जातात. या बाजूंनी शत्रू येतच नाही. तो येतो पगाराच्या दिवशी, रात्री सर्व निजल्यावर, कर्जाची चिंता मन कुरतडत असताना. प्रभू येशूलाही सैतानाने प्रथम भाकरीचाच मोह घातला, कारण चाळीस दिवसांच्या उपवासानंतर प्रभूला भूक लागली होती. मोह होणे म्हणजे पाप नव्हे, हेही त्या प्रसंगातून स्पष्ट होते. मोहाला संमती देण्यात पाप आहे. त्यामुळे ‘मला असा मोह होतोच कसा’ म्हणून खचून जाण्याचे कारण नाही. ‘मला तो कोठे आणि केव्हा होतो’ हे शोधणे हेच शहाणपणाचे.

धर्मशिक्षण काय सांगते?

ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथानुसार नशिबाचे खेळ व पैजा मुळातच अन्याय्य नाहीत. परंतु स्वतःच्या व इतरांच्या गरजांसाठी लागणारा पैसा त्यांत जाऊ लागला, की ते नैतिकदृष्ट्या अस्वीकार्य ठरतात. खेळाची आसक्ती माणसाला गुलाम करू शकते, असा इशाराही तेथे आहे. हा निकष आपण आपल्या धर्मग्रामांतील सणाच्या हाउजीला व सोडतीलाही लावला पाहिजे. मदतनिधीसाठी दहा-वीस रुपयांचे तिकीट घेणे वेगळे. बक्षिसांचे आकडे वाढवत नेऊन मुलांच्या मनात ‘झटपट पैसा’ रुजवणे वेगळे. इतरांकडे बोट दाखवण्याआधी आपल्या अंगणाकडे पाहिलेले बरे.

गुप्तता तोडा

इग्नेशियस यांचा आणखी एक नियम येथे फार मोलाचा आहे. फसवा प्रियकर मुलीला सांगतो की आपले बोलणे वडिलांच्या कानी जाऊ देऊ नकोस. गुपित फुटले की त्याचा डाव संपतो. सैतानालाही गुप्तताच हवी असते.

ऑनलाइन जुगाराचे बळ याच गुप्ततेत आहे. मटक्याच्या अड्ड्यावर जाणारा माणूस निदान कोणाच्या तरी दृष्टीस पडत असे. मोबाइलवर हरणारा माणूस घरच्यांच्या शेजारी बसून हरतो. पत्नीला कळते ते दागिने गहाण पडल्यावर, आईवडिलांना कळते ते वसुलीचे फोन येऊ लागल्यावर. मधल्या काळात त्याला लाज गप्प बसवते आणि हरलेले पैसे परत मिळवण्याची आशा पुन्हा खेळायला लावते.

म्हणून पहिली पायरी म्हणजे बोलणे. प्रायश्चित्त संस्कारात नुसते ‘मी पैसे उधळले’ असे न म्हणता काय, किती काळ आणि कोणापासून लपवून, हे सांगावे. मात्र पापक्षमा मिळाली म्हणजे कर्ज फिटले, असे नव्हे. त्यासाठी घरातील एका तरी विश्वासू व्यक्तीला खरा आकडा सांगणे आवश्यक आहे. काही काळ पैशांचा व्यवहार तिच्या हाती सोपवणे, फोनवरून ती अ‍ॅप काढून टाकणे, रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवणे, हे सारे पापाचे प्रसंग टाळणेच होय.

रोजचा हिशेब

दुबळ्या जागी तट बांधण्यासाठी इग्नेशियस यांनी एक साधी रीत दिली आहे. एकाच वेळी सर्व दोषांशी झुंजायचे नाही, एकच दोष निवडायचा. सकाळी उठताच त्यापासून सावध राहण्याचा निश्चय करावा. दुपारी व रात्री मागे वळून पाहावे आणि जितक्या वेळा पडलो, तितके ठिपके कागदावरील रेघेवर मांडावेत. मग दुपारची व रात्रीची, आजची व कालची, या आठवड्याची व गेल्या आठवड्याची तुलना करावी. पडताक्षणी छातीवर हात ठेवून मनोमन पश्चात्ताप करावा, असेही ते सुचवतात. चारचौघांतही हे कोणाच्या लक्षात येत नाही.

ते आणखी एक सुचवतात. मन उदास असताना प्रार्थनेचा ठरलेला वेळ कमी करू नये, उलट थोडा वाढवावा. मोह ज्या दिशेला ओढतो, त्याच्या नेमके उलट पाऊल टाकावे.

प्रार्थनेसोबत उपचारही घ्यावेत. 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात जुगाराच्या व्यसनाची नोंद आहे. डॉक्टर वा समुपदेशकाकडे जाणे म्हणजे श्रद्धा कमी असणे नव्हे.

धर्मग्रामांनीही आपला वाटा उचलावा. दारूच्या व्यसनाविषयी आपण मोकळेपणाने बोलू लागलो आहोत. तोच मोकळेपणा या नव्या व्यसनाला हवा. विवाहपूर्व शिबिरांत, युवा मेळाव्यांत, पालकसभांत हा विषय यावा. ज्याचे घर कर्जात बुडाले, त्याच्याविषयी मिस्सानंतर कुजबुज होणार असेल, तर तो बोलणार कसा? आपली कुजबुज सैतानाच्या गुप्ततेला मदत करते, हे आपण ध्यानी घ्यावे.

संत पौलाला एक काटा बोचत होता. तो निघावा म्हणून त्याने प्रभूला तीनदा विनवले. काटा निघाला नाही, परंतु दुर्बलतेतच प्रभूचे सामर्थ्य पूर्णत्वास जाते, हे त्याला उमगले. आपल्या तटातील दुबळी जागा ठाऊक असणे ही नामुष्की नाही. तेथे आपण पहारा ठेवावा, जवळच्या माणसाला सोबतीला घ्यावे आणि प्रभूला तेथेच बोलवावे. तो कृपा देण्यास विलंब करणार नाही.