पुढारी गेला, पक्ष उरला



बाजारच्या दिवशीं पारावर गोष्टी निघाल्या कीं एक वाक्य हटकून कानीं येतें, "माणूस आपल्यांतलाच आहे, मग काळजी कसली?" मी पुष्कळ वर्षें खेड्यांत मास्तरकी करतों आणि हें वाक्य दर निवडणुकींत ऐकतों. त्यावर वाद घालण्यापेक्षां विलायतेंतील मजूरपक्षाची १९३१ सालची हकीकत सांगतों. ती जुनी असली तरी शिळी नाहीं.

रॅम्से मॅक्डोनल्ड हा १८६६ सालीं स्कॉटलंडांत लॉसीमथ ह्या कोळ्यांच्या गांवीं जन्मला. आई मोलकरीण, बाप शेतावरचा गडी, आणि दोघांचें लग्नहि झालेलें नव्हतें. मुलगा हुशार निघाला म्हणून शाळेंतच त्याला उमेदवार मास्तर केलें. म्हणजे आमच्याच धंद्यांतला! हाच पोरगा १९२४ सालीं मजूरपक्षाचा पहिला मुख्य प्रधान झाला आणि १९२९ सालीं पक्षाच्या २८७ जागा आल्यावर पुन्हां त्या गादीवर बसला. खजिना सांभाळणारा स्नोडेन विणकराचा मुलगा, टॉमस रेल्वेच्या एंजिनावरचा कामगार, हेंडरसन लोखंडाच्या ओतशाळेंत वाढलेला. असल्या प्रधानमंडळाच्या हातून गरिबाची भाकरी कापली जाईल असें कोणाच्या स्वप्नांत तरी आलें असतें काय?

१९३१ च्या उन्हाळ्यांत बेकारांची संख्या सत्तावीस लाखांच्या घरांत गेली. सरकारी चौकशीकमिटीनें बारा कोटि पौंडांची तूट येणार असें जाहीर केलें, आणि उपाय म्हणून बेकारांच्या भत्त्यांतच मोठा काप सुचविला. तिकडे बँक ऑफ इंग्लंडमधलें सोनें वाहून चाललें होतें. न्यूयॉर्कच्या सावकारांना कर्ज मागितलें, तर आधीं काटकसर दिसली पाहिजे असा त्यांचा रोख. सावकाराचा हा रोख आपणांस समजावून सांगावयास नकोच. २३ ऑगस्टला प्रधानमंडळांत भत्ता शेंकडा दहा कापण्याच्या प्रश्नावर अकरा जण एका बाजूला व नऊ जण दुसऱ्या बाजूला झाले. इतक्या फुटीवर राज्य चालत नाहीं, तेव्हां सरकार राजीनामा देणार हें ठरलें.

दुसऱ्या दिवशीं सहकाऱ्यांनीं ऐकलें तें भलतेंच. मॅक्डोनल्डसाहेब जाणार नव्हते. हुजूरपक्ष आणि उदारमतवादी पक्ष ह्यांना बरोबर घेऊन तेच "राष्ट्रीय" सरकारचे मुख्य प्रधान राहणार होते. ज्या पक्षानें त्यांना तेथवर चढविलें त्याला विचारलें नाहीं, ज्या खाणवाल्यांनीं मतें दिलीं त्यांनाहि नाहीं.

येथें एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. हा मनुष्य लांचखाऊ नव्हता. १९१४ च्या युद्धाला विरोध केल्यापायीं त्यानें पक्षाचें पुढारीपण सोडलें, आणि १९१८ सालीं पार्लमेंटची जागाहि गमावली. आपण देश वांचवीत आहों असें त्याला मनापासून वाटत असावें. पण मनापासून वाटून केलेला काप पोटाला कमी लागतो असें मला दिसत नाहीं. एकट्या पुरुषाचा आठवड्याचा भत्ता सतरा शिलिंग होता, तो सव्वापंधरा झाला. मास्तरांचे पगार शेंकडा पंधरा कापणार होते, ओरड झाली तेव्हां दहांवर आले. पुढें घरझडती सुरू झाली: सहा महिने भत्ता घेतलेल्या बेकाराच्या घरीं मुलगा मुलगी काय कमावतात हें पाहून बापाचा भत्ता ठरूं लागला. कर्त्या बापानें पोरीच्या मजुरीवर जेवावें, असा हा हिशेब.

आणि ज्या पौंडासाठीं हें सारें केलें त्याचा सोन्याशीं असलेला सांधा २१ सप्टेंबरला तुटलाच!

ऑक्टोबरांतल्या निवडणुकींत राष्ट्रीय सरकाराला ५५४ जागा मिळाल्या, मजूरपक्षाला ५२. मॅक्डोनल्डची पक्षांतून हकालपट्टी झाली होती आणि हेंडरसन पुढारी झाला होता. तोहि आपल्या जागीं पडला. पक्ष मेला असें सगळीकडे म्हणूं लागले. परंतु आंकडे नीट वाचा. जागा पांचव्या हिश्शाखालीं आल्या, तरी मतें सुमारें साठसहा लाख होतीं. शंभरांतले तीस मतदार ढळले नव्हते. मॅक्डोनल्डबरोबर प्रधान गेले, मूठभर सभासद गेले, पण कामगारसंघ गेले नाहींत. शाखा, वर्गणी, सभा हीं त्यांच्याच हातीं राहिलीं. पुढाऱ्याला खुर्ची बरोबर नेतां आली, पक्षाची चूल नेतां आली नाहीं.

वांचलेल्यांत म्हातारा लॅन्सबरी होता, आणि लाइमहाउसमधून अवघ्या ५५१ मतांनीं निवडून आलेला अ‍ॅटली. १९३५ सालीं लॅन्सबरीनें युद्धाच्या प्रश्नावर पुढारीपण सोडलें व तें अ‍ॅटलीकडे आलें. हा वकिलाचा मुलगा, ऑक्सफर्डला शिकलेला, खाऊनपिऊन सुखी घरचा. भाषण बेताचें, मिशीआड शब्द जपून ठेवणारा! पण पूर्व लंडनच्या गरीब वस्तींत त्यानें आयुष्याचीं वर्षें घातलीं होतीं आणि पक्षानें ठरविलें तें करण्यांत त्याला कमीपणा वाटत नसे. १९४५ सालीं त्याच्या पक्षाच्या ३९३ जागा आल्या. १९४६ चा विम्याचा कायदा झाला, ५ जुलै १९४८ पासून सर्वांना फुकट औषधपाणी सुरू झालें, आणि मध्यंतरीं १९४७ सालीं आपल्या देशावरचें राज्य उठलें तेंहि त्याच सरकारच्या हातून.

तेव्हां गड्याच्या पोरानें भत्ता कापला आणि वकिलाच्या पोरानें दवाखाना दिला. ह्यावरून वकिलाच्या पोरांनाच मतें द्या असें कोणी म्हणेल, तर तोहि पारावरचाच मूर्खपणा. ओतशाळेंतला हेंडरसन भत्त्याच्या प्रश्नावर हलला नव्हता. मी जन्म विचारूं नका म्हणत नाहीं, तो विचारून तेथेंच थांबूं नका म्हणतों. निवडून आल्यावर हा कोणाला विचारून चालणार, आणि न विचारतां चालला तर त्याला खालीं उतरविणारें कोणी आहे काय, हे प्रश्न मतें मागावयास आलेल्याला तोंडावर टाकावे.

मॅक्डोनल्डला उतरविणारे निघाले, जरा उशीरानें. सीहॅम हा त्याचा मतदारसंघ खाणवाल्यांचा. १९३१ सालीं त्यांनीं त्याला एकवार संभाळून घेतलें. १९३५ सालीं तो पुन्हां मतें मागावयास गेला तेव्हां मजूरपक्षाच्या शिनवेलनें त्याला वीस हजारांवर मतांनीं पाडलें.