पाच मिलीचा मोह

खोका आला की आमच्या हॉस्टेलच्या खोलीत दिवाळी असायची. गुलाबी पुठ्ठा, आत कागदाच्या कातरणांची गादी आणि तिच्यावर पाच चिमुकल्या वस्तू. सीरम, फेसवॉश, बोटाच्या पेराएवढी लिपस्टिक, एखादं क्रीम आणि एक अशी ट्यूब, जिचं नेमकं करायचं काय हे कळायला यूट्यूब उघडावं लागायचं. महिन्याला ४९९ रुपये, तीन महिन्यांचा प्लॅन. मी आणि रूममेट निम्मे निम्मे पैसे काढायचो. ‘मोठी बाटली घेऊन पस्तावण्यापेक्षा आधी सॅम्पल वापरून बघू,’ हा आमचा युक्तिवाद. ऐकायला किती शहाणपणाचा!

गेल्या आठवड्यात खोली आवरली, तर खणात अकरा सॅम्पल सापडली. पंधरापैकी आम्ही संपवली होती फक्त चार. बाकीची अर्धवट, नाहीतर सीलसुद्धा न फोडलेली. म्हणजे आम्ही वापरून बघत नव्हतो, नुसतं जमवत होतो.

ही कल्पना तशी जुनी नाही. २०१० मध्ये न्यूयॉर्कमध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या दोघींनी ‘बर्चबॉक्स’ सुरू केलं. महिन्याला दहा डॉलर भरा, सॅम्पल घरपोच मिळवा. दोनच वर्षांत आपल्याकडे ‘फॅब बॅग’ आली. ती चालवणाऱ्यांनीच पुढे ‘शुगर’ हा मेकअप ब्रँड उभा केला. खोक्यातून माल आपल्याकडे येतो, तशी आपली आवडनिवडही तिकडे जाते. आपण पैसे मोजतो आणि वर मार्केट रिसर्चही करून देतो!

नमुना म्हणजे काय, हे आपल्याला आंबेवाल्याने कधीच शिकवलंय. तो फोड कापून हातावर ठेवतो. गोड लागली तर डझन घ्या, नाही तर पुढच्या पाटीकडे चला. त्या फोडीचे पैसे कुणी देत नाही आणि ‘नको’ म्हटलं तर कुणी रागावतही नाही. ‘नको’ म्हणता यावं म्हणूनच तर नमुना असतो. खोक्याचा हिशेब उलटा आहे. फोडीचे पैसे आधीच गेलेले असतात आणि पहिली चघळून होण्याआधी पुढची हातावर येते.

त्वचेला तर एवढी घाई झेपतच नाही. त्वचेचा वरचा थर नवा व्हायला साधारण चार आठवडे लागतात. एखादं सीरम लागू पडतंय का, हे कळायला निदान तेवढा वेळ द्यायला हवा. पाच मिलीची बाटली मात्र आठवडा-दहा दिवसांत संपते. म्हणजे सॅम्पलवरून वास कळतो, चिकटपणा कळतो, फार तर ॲलर्जी कळते. डाग गेले की नाही, हे कळत नाही.

ॲलर्जीचा धडा मी स्वतः घेतलाय. मैत्रिणीच्या हळदीच्या आदल्या रात्री मी तीन नवी सॅम्पल एकदम लावली. त्यात एक रेटिनॉलचं होतं आणि एक ॲसिडचं. ही जोडी एकाच वेळी लावली तर त्वचा भडकू शकते. पण पाकिटावरची अक्षरं इतकी बारीक की भिंग लागावं. सकाळी दोन्ही गाल लालभडक. त्वचेच्या डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, ‘काय काय लावलंस?’ मला तीनही नावं धड सांगता आली नाहीत. त्यांची फी खोक्याच्या किमतीपेक्षा जास्त होती. विकतचं दुखणं म्हणतात ते हेच!

पैशाचंही तेच. तीन महिने संपले आणि चौथ्याचे पैसे आपोआप कापले गेले. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे पैसे कापण्याच्या २४ तास आधी मेसेज यावा लागतो. आला होता, मी वाचला नव्हता. ती चूक माझी. पण प्लॅन घ्यायला एक बटण आणि बंद करायला चार पानं, ही चूक माझी नाही. केंद्र सरकारच्या २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’विषयक मार्गदर्शक तत्त्वांत अशा सबस्क्रिप्शनच्या सापळ्याचा नाव घेऊन उल्लेख आहे. कुणी अडकलं असेल, तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर सेव्ह करून ठेवा.

मग खोका वाईटच का? तसं नाही. माझ्या गव्हाळ रंगावर राख फासल्यासारखं न दिसणारं सनस्क्रीन मला त्याच खोक्यात मिळालं. दुकानात मोठ्या ट्यूब आणून बघितल्या असत्या, तर तीन-चार वाया गेल्या असत्या. लिपस्टिकची शेड, सनस्क्रीन, फेसवॉश यांचा निकाल लगेच लागतो. तिथे सॅम्पल खरंच पैसे वाचवतं.

मला खटकतं ते वेगळंच. नाव नोंदवताना ॲप विचारतं, ‘तुमच्या त्वचेची मुख्य समस्या कोणती?’ पर्याय असतात मुरुमं, डाग, निस्तेजपणा, कोरडेपणा. ‘काहीच नाही’ हा पर्याय नसतो. बावीस वर्षांची होईपर्यंत माझी त्वचा निस्तेज आहे हे मला ठाऊकच नव्हतं. तिसऱ्या खोक्यापर्यंत मी रोज आरशात ते शोधायला लागले होते. सॅम्पल संपून जातात, ही सवय राहते.

म्हणून कंपन्यांना सांगावंसं वाटतं, पाच वस्तूंऐवजी दोनच द्या, पण महिनाभर पुरतील एवढ्या. अक्षरं वाचता येतील अशी छापा. त्या यादीत ‘काहीच नाही’ हाही पर्याय ठेवा. आणि आपण? एका वेळी एकच नवी वस्तू. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस वाट बघायची. प्लॅन घेतला त्याच दिवशी तो संपण्याच्या तारखेचा रिमाइंडर लावायचा.

सध्या आमच्या खिडकीत एकच ट्यूब उघडी आहे. उघडल्याची तारीख मी पेनाने तिच्यावर लिहिली आहे. उरलेली दहा खणात आहेत. त्यातली तीन तर एक्स्पायर झालीत. पुढच्या महिन्याचा खोका येणार नाही, आणि माझे गाल आहेत तसे ठीक आहेत.