बाबांचं घड्याळ आणि माझी मिसळ

सध्या आमच्या ऑफिसात ‘रेट्रो’ची साथ आलीय. एकाने रेकॉर्ड प्लेअर घेतला, दुसरी चहा फक्त इनॅमलच्या मगातून पिते. मग मीच का मागे राहू? मी ऑनलाइन एक एचएमटी पायलट मागवलं. केशरी डायल, चकचकीत केस, किंमत २,२०० रुपये, वर ‘ओरिजिनल व्हिंटेज’ असा शिक्का. मंडळी, चार दिवस सॉलिड भाव खाल्ला मी! पाचव्या दिवशी घड्याळ बंद.

शोधत शोधत अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बोळात पोचले. कपाटाएवढं दुकान, आत डोळ्याला भिंग लावून बसलेले सत्तरीचे काका. त्यांनी मागचं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि शुद्ध पुणेरी निकाल दिला, ‘‘मशीन एकाचं, काटे दुसऱ्याचे, केस तिसऱ्याची. डायल कालपरवा रंगवलेली. हे घड्याळ नाही, मिसळ आहे.’’

मी गप्प. मग काकांनी विचारलं, ‘‘घरात कुणाचं जुनं नाही का?’’

होतं ना! बाबांचं एचएमटी जनता. कपाटातल्या स्टीलच्या डब्यात, विम्याच्या पावत्यांखाली. कित्येक वर्षं बंद. एकदा एका चकाचक शोरूममध्ये दाखवलं होतं, तर तिथल्या मुलाने ‘‘याचं काही होत नाही, नवीन घ्या’’ म्हणून हात झटकले होते.

एचएमटी म्हणजे काय चीज होती, हे आपल्या पिढीला फारसं ठाऊक नाही. १९६१ मध्ये बंगळुरूला, जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने ही घड्याळं बनायला लागली. जनता, पायलट, सोना, कोहिनूर... पहिला पगार झाला की एचएमटी, जावयाला एचएमटी, रिटायर झालात तरी एचएमटीच. १९८७ मध्ये टायटनची क्वार्ट्झ घड्याळं बाजारात आली आणि चावीचा जमाना मागे पडत गेला. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. आणि आपला स्वभाव बघा, दुकान बंद होणार म्हटल्यावर जो तो तेच घड्याळ शोधायला लागला. शोधणारे वाढले, तशा रंगवलेल्या मिसळीही वाढल्या!

तर दुसऱ्या दिवशी जनता घेऊन पुन्हा काकांकडे. या वेळी त्यांनी मलाही भिंग दिलं. आत एक इवलंसं चाक असतं, ते डावी-उजवीकडे झुलतं. सेकंदाला ५ ठोके, म्हणजे तासाला १८,०००. डायलवर ‘१७ ज्वेल्स’ लिहिलेलं असतं ना, ते दागिन्यांसाठी नव्हे. कृत्रिम माणकाचे बारीक तुकडे असतात, चाकांची टोकं त्यांत फिरतात, म्हणून झीज कमी होते. बॅटरी नाही, चिप नाही. सकाळी चावी दिली की गुंडाळलेली स्प्रिंग दिवसभर हळूहळू सुटत राहते, एवढंच. आणि यातला प्रत्येक भाग सुटा होतो, धुता येतो, बदलता येतो. माझ्या स्मार्टवॉचची बॅटरी गेली तेव्हा ‘रिपेअरपेक्षा नवीनच परवडेल’ असं ऐकलं होतं, ते आठवलं.

मग काकांनी झाकण उलटं करून दाखवलं. आतल्या बाजूला सुईने कोरल्यासारखे बारीक आकडे होते. ८६, ८९, ९२, ९५. घड्याळ सर्व्हिसिंगला आलं की कारागीर आत अशी खूण करून ठेवतात. दर तीन वर्षांनी, अगदी न चुकता. ९५ नंतर काही नाही.

९५ म्हणजे मी जन्मले ते साल.

घरी येऊन बाबांना विचारलं. ते पेपरातून मान वर न काढता म्हणाले, ‘‘तेव्हा तुझं दूध, तुझी औषधं... म्हटलं पुढच्या महिन्यात टाकू. मग राहूनच गेलं गं.’’ पुढचा महिना तीस वर्षं आलाच नाही. काही वर्षं ते मागे पडणारं घड्याळ रेडिओच्या बातम्यांवर लावून घ्यायचे, आणि मग एक दिवस ते थांबलं. मला रेट्रो रेट्रो म्हणून जे हवं होतं ते माझ्याच घरात माझ्यामुळे बंद पडलं होतं, आणि मी २,२०० रुपयांची मिसळ ऑर्डर करत होते!

तीन दिवसांनी घड्याळ मिळालं. सफाई, तेल, नवी काच, सगळ्याचे मिळून ४५० रुपये. एरवी मी घासाघीस केली असती. त्या दिवशी जीभ उचलली नाही. ‘‘शिकायला कुणी येतं का?’’ असं मात्र विचारलं. काका हसले. ‘‘मुलगा आयटीत आहे. माझ्यानंतर इथे मोबाईलची कव्हरं मिळतील.’’

आता रोज सकाळी आठला मी चावी देते. हाताला अडलं की थांबायचं, जोर करायचा नाही, ही बाबांची शिकवणी. पट्ट्याला एक जास्तीचं भोक पाडून घेतलंय. घड्याळ दिवसाला वीसेक सेकंद मागे पडतं, पण बॉसला अजून कळलेलं नाही.

तेव्हा मंडळी, व्हिंटेज काही ऑर्डर करण्याआधी घरचं कपाट उघडा. आणि जे सापडेल ते शोकेसमध्ये ठेवू नका, तुमच्या गावातल्या काकांकडे न्या. ते आहेत तोवर.

आमच्या झाकणात आता पाचवा आकडा आहे. तीन वर्षांनी सहावा कोण कोरणार, ते मात्र कुणालाच विचारता येत नाही.