अठरा फुटांचा उतार

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ने शासकीय नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा दिव्यांगांसाठी राखल्या. अडथळामुक्त कार्यस्थळ देण्याचे बंधनही शासकीय आस्थापनांवर घातले. नोकरी आदेशाने मिळते. वाट मात्र बांधावी लागते. धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूर वा कळंब येथील एखाद्या कार्यालयापुढे ६ इंचांच्या ३ पायऱ्या असतील, तर १:१२ या प्रमाणाने रॅम्पची लांबी किमान १८ फूट हवी. त्याहून तीव्र चढ चाकांच्या खुर्चीस धोक्याचा. कर्मचाऱ्यास रोज उचलून आत नेण्यात साहाय्य असते, स्वाधीनता नसते. म्हणून नवी पेढी, पतसंस्था वा शाळा उभारणाऱ्यांनी पायाच्या आखणीतच हे १८ फूट राखावेत. मागाहून जागा उरत नाही.