समासातल्या सशांना प्रवेश नाही?

मध्ययुगीन युरोपातल्या रंगीत, सोनेरी हस्तलिखितांवरून मुलांच्या चित्रस्पर्धा घेतल्या जातात, ही चांगलीच गोष्ट आहे. नऊ-दहा वर्षांच्या पोरानं हजार वर्षांपूर्वीच्या पानाकडे टक लावून पाहावं, त्यातलं काही उचलावं, यात वाईट काय? तक्रार आहे ती अशा स्पर्धांच्या ठरीव साच्याबद्दल. स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर मोठं काढा, त्यात वेलबुट्टी भरा, सोनेरी रंग वापरा, चौकटीबाहेर जाऊ नका, खाडाखोड नको. हेच नियम मूळ हस्तलिखितांना लावले, तर त्यांतली भली भली पहिल्याच फेरीत बाद होतील.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातलं ‘बुक ऑफ केल्स’च घ्या. इ.स. 800च्या आसपास आयरिश परंपरेतल्या मठवासींनी वासराच्या कातड्यावर लिहिलेली ही चार शुभवर्तमानं. या कलेचं नाव निघालं की पहिलं नाव हिचंच. पण या पोथीत सोनं नाही. तिच्यातला पिवळा झगमगाट आहे हरताळाचा. आपल्याकडे पोथीतली चूक झाकायला जो हरताळ फासत, त्याच हरताळानं तिकडे पानं उजळली! आणि चुका म्हणाल, तर त्याही भरपूर. एकदा लिहून झालेला मजकूर लेखनिकानं नजरचुकीनं पुन्हा लिहून काढला. मग एक पान लाल फुल्या मारून रद्द केलं, पण पोथीत तसंच ठेवलं. कातडं काही फुकट येत नव्हतं. एके ठिकाणी तर लॅटिनमधली ‘तलवार’ लिहिताना हात घसरला आणि तिचा ‘आनंद’ झाला. शांतता नव्हे, तलवार घेऊन येणारा ख्रिस्त या एका पोथीत आनंद घेऊन येतो. खाडाखोडीला गुण कापणाऱ्या परीक्षकांनी या पानाचं काय केलं असतं?

याच पोथीत ख्रिस्ताच्या नावाच्या आद्याक्षरांचं एक पान आहे. जगातल्या सर्वांत गुंतागुंतीच्या पानांत ते मोडतं. अक्षराच्या रेषेत रेषा, वेटोळ्यात वेटोळं, बघता बघता डोळे दुखू लागतात. पण जरा खाली, पायाशी पाहा. दोन मांजरं बसली आहेत आणि त्यांच्यादेखत उंदीर एक गोल चकती कुरतडताहेत. ती बहुधा प्रसादाची भाकरी असावी. शेजारी पाणमांजरानं मासा धरलाय. सगळ्या ग्रंथातल्या सर्वांत पवित्र शब्दाच्या पायाशी हे प्रकरण! ‘विषयाला धरून नाही’ असा शेरा इथे नक्की पडला असता.

पुढच्या शतकांत समासातला हा धुडगूस वाढतच गेला. ब्रिटिश लायब्ररीत ‘स्मिथफील्ड डिक्रेटल्स’ नावाचा चौदाव्या शतकातला जाडजूड ग्रंथ आहे. त्यात पोप नववा ग्रेगरी याच्या आज्ञेवरून एकत्र केलेले चर्चचे कायदे आहेत. मधोमध गंभीर कायदा, भोवती त्यावरचं भाष्य, आणि पानाच्या तळाशी ससे. हे ससे शिकाऱ्याला बाणानं टिपतात, बांधून आणतात, त्याच्यावर रीतसर खटला चालवतात आणि त्याचं मुंडकं उडवतात. कायद्याच्या पुस्तकात सशांचं न्यायालय! चित्रकाराला त्याची गंमत कळत नव्हती, असं आम्ही मानायला तयार नाही. इतर ग्रंथांत चिलखत घातलेले सरदार गोगलगायीशी लढताना दिसतात, आणि काही ठिकाणी गोगलगायच भारी पडते. हे असं का, यावर विद्वानांचं अजून एकमत नाही. मुलांना विचारलं तर एका तासात दहा कारणं मिळतील.

‘स्वतःच्या नावाचं अक्षर’ हा प्रकार तर मुळाशीच विसंगत. ही कामं बहुतांशी निनावी, आणि बऱ्याचदा अनेकांच्या हातची. कातडं कमावणारा एक, लिहिणारा दुसरा, रंग भरणारा तिसरा. ‘लिंडिसफार्न गॉस्पेल्स’ बिशप एडफ्रिथनं लिहिलं हे आपल्याला कळतं, ते जवळजवळ अडीचशे वर्षांनी ऑल्ड्रेड नावाच्या धर्मगुरूनं त्यात तशी नोंद केली म्हणून. स्वतःचं नाव रंगवायला कुणी बसलं नव्हतं. ती हौस आपली, शाळेच्या दप्तरावरच्या लेबलापासूनची.

खऱ्या अर्थानं बालचित्रकला म्हणावी, अशी पानंही या जगात आहेत. नेपल्सच्या फ्रान्सिस्कन मठातलं चौदाव्या शतकातलं एक हस्तलिखित आज अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आहे. त्याच्या समासात कुणीतरी एक जनावर, एक माणूस आणि एक सैतानासारखा प्राणी काढून ठेवलाय. 2016 साली एका अभ्यासिकेनं मानसशास्त्रज्ञांचे निकष लावून ही चित्रं लहान मुलांची असल्याचं मांडलं. लांबलचक पाय, धडाचा पत्ता नाही, सगळा जोर डोक्यावर. म्हणजे आजही बालवाडीच्या भिंतीवर लावलेला असतो तोच माणूस. मोठ्यांचं पुस्तक हाती लागलं, कडेला मोकळी जागा दिसली, काढलं. ना प्रवेशअर्ज, ना प्रमाणपत्र.

मग स्पर्धा घेणाऱ्यांनी करावं काय? मजकूर आधीच लिहिलेलं एक पान द्यावं. मजकूर कंटाळवाणा असला तर उत्तमच, नगरपालिकेचे नियम चालतील. समास मात्र ऐसपैस सोडावा. एका पानाला तीन मुलं बसवावीत, भांडू द्यावीत. चुकलं तर कागद बदलून देऊ नये, त्या चुकीतूनच काहीतरी करायला सांगावं. चमकीच्या डब्या कपाटात ठेवाव्यात आणि ‘जरा मदत’ करणाऱ्या आई-बाबांना हॉलबाहेर. मोठं अक्षर कुणाला काढायचं असेल तर त्यानं काढावं, पण पहिला क्रमांक समासाला द्यावा. परीक्षकांना गुण देणं अवघड जाईल. जाऊ दे.