पुतळे आणि पत्रव्यवहार

परदेशच्या विद्वानांशीं संबंध ठेवणें म्हणजे एखाद्या शिष्टमंडळानें विमानानें जाऊन हार घालून येणें, अशी समजूत आमच्या साहित्यसंस्थांत दृढमूल झाली आहे. ती किती घातक आहे हें दाखविण्यासाठीं रशिया, पोलंड वगैरे स्लाव देशांशीं मराठीचें जें नातें आहे, त्याचा थोडा हिशेब आम्ही येथें मांडणार आहों. "तासगांवांत बसून मॉस्को-वॉर्साच्या गोष्टी कशाला?" असें कोणी म्हणेल. त्यास आमचें उत्तर असें कीं, हें नातें तासगांवापासून फार लांबचें नाहीं.

सन १९४३ ते १९४८ या काळांत कोल्हापूरजवळ वळिवडें येथें सुमारें पांच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. सोविएत सरकारनें पूर्व पोलंडांतून सैबेरियांत व मध्य आशियांत हांकून दिलेलीं हीं माणसें. त्यांत बायकामुलांचाच भरणा. त्यांच्या शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होतें, नाटकें होत असत. वसाहत उठली आणि त्या जागीं सिंधी निर्वासितांचें गांधीनगर उभें राहिलें. पण तेथें वाढलेल्या पोलिश मुलांनीं जगभर पांगल्यावरहि आपली संघटना केली व आठवणी लिहून ठेवल्या. वॉर्सांत आज कोल्हापूरचें स्मारक आहे. आणि इकडे? वळिवड्याच्या पंचक्रोशींत एखादें पोलिश पत्र वाचून दाखवील असा माणूस शोधूं गेल्यास काय हातीं लागेल, हें वाचकांनींच ठरवावें. पांच वर्षें एक अख्खी भाषा आमच्या दाराशीं नांदून गेली!

त्याच सुमारास वॉर्साचा एक अभियंता, मॉरिस फ्रीडमन, औंध संस्थानांतील ग्रामस्वराज्याच्या प्रयोगांत राबत होता. पुढें त्यानेंच निसर्गदत्त महाराजांचीं मराठी निरूपणें इंग्रजींत उतरविलीं व तें पुस्तक १९७३ सालीं निघालें. आज तें देशोदेशीं वाचलें जातें. ही एका माणसाची करामत होती. तो गेला आणि धागा तेथेंच तुटला. कारण दुसरें टोंक धरून ठेवणारी संस्था कोणतीच नव्हती.

उलट बाजूनें पाहावें तर स्लाव पंडितांनीं आपली बाजू पुष्कळ सांभाळली आहे. पीटर्सबर्गच्या अकादमीनें १८५५ ते १८७५ या वीस वर्षांत सात खंडांचा संस्कृत कोश छापला. तो रचणारे पंडित जर्मन होते हें खरें. पण पदर मोडला तो त्या अकादमीनें. कातेनिना या विदुषीनें १९६३ सालीं मराठी व्याकरणाची रूपरेषा रशियन भाषेंत प्रसिद्ध केली. इरिना ग्लुश्कोवा यांनीं वारकरी संप्रदायाचा अभ्यास केला, आणि महाराष्ट्राची संस्कृति व समाज यांविषयींची आंतरराष्ट्रीय परिषद १९९५ सालीं मॉस्कोंत भरली. रशियन विदुषीनें पंढरीची वाट धरावी आणि मराठी पदवीधरानें रशियन अक्षरहि ओळखूं नये, हा व्यवहार बरोबरीचा नव्हे.

आतां पुतळ्याविषयीं. अण्णाभाऊ साठे वाटेगांवचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्याचे. ते १९६१ सालीं रशियास गेले व त्यांनीं 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. मॉस्कोंतील परकीय साहित्याच्या ग्रंथालयांत २०२२ च्या सप्टेंबरांत त्यांच्या पुतळ्याचें अनावरण झालें. पुतळा बसला याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु ग्रंथालयांत पुतळा बसवून आलेल्या मंडळींनीं, त्या पुतळ्याशेजारच्या फळीवर दरसाल नवीं मराठी पुस्तकें कोण पाठविणार, एवढें ठरविलें काय? पुतळ्यास पत्र लिहितां येत नाहीं.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत रशियानें युक्रेनवर स्वारी केली आणि अनेक पाश्चात्य विद्यापीठांनीं रशियन संस्थांशीं संबंध स्थगित केले. मग अशा वेळीं मॉस्कोस पत्र लिहिणें म्हणजे आक्रमणास संमति देणें नव्हे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. आक्रमण तें आक्रमणच, आणि तसें म्हणण्याची चोरी विद्वानांस असूं नये. परंतु स्लाव विद्येचा इतिहासच वेगळें सांगतो. स्लाव भाषाभ्यासकांची पहिली परिषद १९२९ सालीं प्रागला भरली. १९३९ सालची बेलग्रेडची परिषद युद्धामुळें होऊं शकली नाहीं. युद्ध संपतें न संपतें तोंच १९४८ सालीं स्टालिन व टिटो यांचें बिनसलें. तरीहि १९५५ सालीं त्याच बेलग्रेडांत आंतरराष्ट्रीय समिति स्थापन झाली व १९५८ सालीं मॉस्कोंत परिषद भरली. सत्ताधीशांच्या भांडणांत विद्वानांचे पत्ते फाडले गेले असते तर हें कसें घडतें? मात्र मॉस्कोस जाणाऱ्या पत्रासारखेंच पत्र कीव्ह व ल्विव्ह येथेंहि गेलें पाहिजे. युक्रेन म्हटलें कीं आमच्या मध्यमवर्गास वैद्यकीची पदवी आठवते. त्या देशास भाषा आणि वाङ्मय आहे याची दखल आमचे पालक अजून घेत नाहींत.

"हें काम सरकारचें" असें म्हणणारेहि आहेत. सरकारी मैत्रीच्या काळांत मॉस्कोहून मराठी पुस्तकें स्वस्तांत येत. आज चाळिशी ओलांडलेल्या पुष्कळ वाचकांचें बालपण त्यांवर पोसलें. सोविएत राज्य १९९१ सालीं कोसळलें आणि पुस्तकांचा तो ओघ आटला. सरकारच्या खांद्यावर ठेवलेलें नातें सरकारबरोबर खालीं येतें. आमच्या तालुक्यांतील द्राक्षबागाइतदार पाहा. परदेशच्या गिऱ्हाइकास केवढा मणी लागतो, कोणती फवारणी चालत नाहीं, हें तो दरसाल विचारून घेतो. एक हंगाम संबंध तुटला तर बाजार जातो, हें त्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. आमच्या साहित्यसंस्थांस मात्र तें अजून शिकवावें लागतें.

आमचें मागणें लहान आहे. प्रत्येक मोठ्या साहित्यसंस्थेनें परदेशच्या पत्रव्यवहारासाठीं एक चिटणीस नेमावा; अध्यक्ष बदलला तरी तो बदलूं नये. आपलें नियतकालिक वॉर्सा, प्राग, मॉस्को व कीव्ह येथील विद्यापीठांस अदलाबदलीनें पाठवावें. पुणें व मुंबई येथील विद्यापीठांत रशियन शिकण्याची सोय आहेच. तेथें दरसाल मराठीच्या दोन विद्यार्थ्यांस शिष्यवृत्ति द्यावी, आणि कोल्हापुरांत पोलिश भाषेचा एक वर्ग काढावा. याचा खर्च एका संमेलनाच्या मांडवाहून जास्त येईल असें आम्हांस वाटत नाहीं. पुढल्या संमेलनांत ठराव आणणारांनीं शोकप्रस्तावानंतर लगेच हा विषय घ्यावा; भोजनाच्या सुटीनंतर ठेवल्यास सभागृहांत ऐकावयास कोणी उरत नाहीं.