नळी बदलायची म्हणे, घरीच!



तूर-हरभऱ्याच्या जागली सुरू झाल्या की आपल्याकडं बंदुका बाहेर निघतात, आणि बंदुकांच्या मागोमाग शहाणेही निघतात. यंदाचं नवं शहाणपण असं, की बोल्ट-ॲक्शन रायफलीची जुनी नळी घरच्या घरी काढून नवी बसवता येते. अमेरिकेतला कुणी गडी गॅरेजमध्ये उभा राहून चहा प्यायच्या वेळात नळी बदलताना मोबाईलवर दिसतो. ते बघून आपली पोरं म्हणतात, "काका, आपण ट्रॅक्टरचं इंजिन खोलतो, मोटर काढतो, मग या एवढ्या पाईपात काय आहे?"

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. तो अमेरिकेचा गडी खोटं दाखवत नाही, त्याला ते जमतं. पण त्याच्या पान्याच्या मागं जे जे उभं आहे, त्यातलं आपल्याकडं काहीच नाही. आणि ज्या रायफलीची नळी बदलायला तुम्ही निघालात, तिची नळी बहुतेक झिजलेलीच नाही. म्हणजे नसलेल्या दुखण्यावर डोळा आणि जमीन दोन्ही घालवायचा धंदा आहे हा.

आधी त्याच्याकडचं बघू. सॅव्हेज कंपनीनं १९५८ साली मॉडेल ११० नावाची रायफल काढली. तिच्यात नळी बॉडीत आट्यांनी बसते आणि वरून एक मोठं नट तिला आवळतं. नट सैल केलं की नळी पुढं-मागं फिरवून हवी तिथं आणता येते. त्यामुळं तिथं कारखान्यातूनच मापात तयार केलेल्या नळ्या विकत मिळतात. दुसरं म्हणजे तिथल्या केंद्राच्या कायद्यात ज्या भागावर नंबर असतो ती बॉडी म्हणजे बंदूक. नळी हा नुसता सुटा भाग, आपल्याकडं पंपाचं वॉशर येतं तशी पार्सलनं घरी येते. तिसरं, आणि खरं महत्त्वाचं, त्या गड्याच्या टेबलावर दोन पोलादी गेज पडलेले असतात. मोबाईलवर आपण पाना बघतो, गेज बघत नाही.

हे गेज काय करतात ते नीट समजून घ्या, कारण सगळी गोम तिथंच आहे. काडतूस चेंबरमध्ये गेल्यावर ते पुढं एका जागी अडतं आणि मागून बोल्ट त्याला धरतो. अडायची जागा आणि बोल्टचं तोंड यांच्यातलं जे अंतर, त्याला हेडस्पेस म्हणतात. कमी पडलं तर बोल्ट बंदच होत नाही, ते परवडलं. जास्त झालं तर बार झाल्यावर पितळी केस मागं ताणली जाते, बुडाजवळ फाटते आणि पेटता वायू मागं येतो. मागं म्हणजे कुठं? दस्त्याला गाल लावून एक डोळा मिटून जो बसलाय त्याच्या तोंडावर.

म्हणून एक "गो" गेज, त्याच्यावर बोल्ट बंद व्हायलाच पाहिजे, आणि एक "नो-गो", त्याच्यावर बंद होताच कामा नये. ३०८ विंचेस्टर या नेहमीच्या काडतुसाचं घ्या. तिथं या दोन गेजमधला फरक इंचाचे चार हजारांश, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. आपल्या लेथवाल्याचा हात कितीही चांगला असू द्या, रोटाव्हेटरचा शाफ्ट बसवताना तो एवढ्या बारकाईनं मोजत नाही, त्याची गरजही नसते. बेअरिंग थोडं सैल बसलं तर आवाज करतं, तेल फेकतं, आठ दिवस आधी सांगून मग मोडतं. चेंबर सांगत नाही.

दाबाचा हिशोब आपल्या भाषेत करू. फवारणीचा एचटीपी पंप तीस-चाळीस किलोच्या प्रेशरवर चालतो. त्याचा होज फुटला की काय होतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, माणूस पाय उचलून पळतो. ३०८ च्या चेंबरमध्ये कमाल ६२,००० पीएसआय दाब धरलेला आहे. पंपाच्या मापात सांगायचं तर चार हजार तीनशे किलोच्या वर. आपली ३१५ त्याच्यापेक्षा मवाळ आहे, पण मवाळ म्हणून तिची पंपाशी बरोबरी होत नाही. आणि आपल्यातले काही जण म्हणतात, शाफ्टचं चांगलं पोलाद घेऊन आतून भोक पाडलं की झाली नळी! अरे बाबांनो, कुठलं पोलाद, त्याला पाणी किती दिलंय, आत चीर आहे का नाही, हे डोळ्यांनी कळतं का? इंग्लंडमध्ये नळी बदललेली बंदूक विकायची असेल तर ती आधी प्रूफ हाऊसला न्यावी लागते. तिथं नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार काढतात, तोही लांबून, आणि टिकली तरच शिक्का मारतात. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ पासून हेच काम करतंय. बंदुका घडवणाऱ्या लोकांनी दोनशे वर्षं स्वतःच्या हातावर विश्वास ठेवला नाही, आणि आपण तालुक्याच्या शेडमध्ये ठेवणार.

आता नळी झिजण्याचं. त्या देशात नेमबाजीचे शौकीन वर्षाला हजारांनी बार काढतात. त्यांच्या नळीत चेंबरच्या पुढची जागा उष्णतेनं खरवडली जाते, नेम सुटतो, म्हणून ते नळी बदलतात. जसे आपण नांगराचे फाळ बदलतो तसं. तुमचा काय हिशोब? परवान्यावर काडतुसं किती, त्यातली उडवली किती? आजोबांच्या काळापासून धरा, दोन-तीनशे बार तरी झाले असतील का? इशापूरच्या कारखान्याची ३१५ एवढ्यावर झिजत नाही.

मग नेम का सुटतो? कारणं आहेत, आणि ती सगळी नळी न खोलता सापडतात. पहिलं कारण दस्त्याचे स्क्रू. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, बॉडी सैल होते आणि प्रत्येक बाराला वेगळ्या जागी बसते. दुसरं, पुढची माशी कुठंतरी आपटून वाकडी झालेली असते. तिसरं, नळीतला तांब्याचा आणि जळक्या दारूचा थर. वर्षानुवर्षं कुणी घासलेलाच नसतो, उजेडाकडं धरली की आतले आटे बुजलेले दिसतात आणि आपण म्हणतो "नळी गेली". नळी गेली नाही, साफसफाई गेली. चौथं, साफ करणारेही लोखंडी गज तोंडाकडून घालून घासतात आणि नळीच्या तोंडाची धार खातात. गोळी शेवटी जिथून सुटते तीच जागा. गज मागून, बोल्ट काढून, चेंबरकडून घालायचा. आणि हे सगळं करायच्या आधी बंदूक रिकामी आहे का ते डोळ्यांनी बघायचं आणि बोटानं चाचपायचं.

तेलाचंही सांगतो. खोबरेल तेल लावू नका. डिसेंबरात बाटलीत गोठतं ते बोल्टच्या आतही गोठतं, पिन मंद मारते आणि काडतूस फुसकं निघालं म्हणून आपण खडकीच्या कारखान्याला शिव्या देतो. हलकं मशीनचं तेल, तेही पुसून काढल्यासारखं पातळ.

कुंभारीण माशी तर तुम्हाला माहीतच आहे. भिंतीवर, मोटरच्या पेटीत, सायफनच्या पाईपात मातीचं घर करते. कोपऱ्यात उभी ठेवलेली बंदूक तिला फार आवडते. जागलीला निघण्याआधी बोल्ट काढून नळीतून आरपार उजेड बघितला नाही, तर त्या चिमूटभर मातीनं चांगली नळी फुगते किंवा फाटते. ही तपासणी फुकट आहे, एक मिनिटाची आहे, आणि तिचा व्हिडिओ कुणी काढत नाही.

कायद्याचं आता. "माझी परवान्याची बंदूक आहे, मी तिचं काहीही करीन" असं काही जण छाती काढून बोलतात. १९५९ चा शस्त्र कायदा बघा. त्यात शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच धरलेत, म्हणजे नळी आली. कलम ५ मध्ये बनवणं, बदल करणं, दुरुस्ती करणं, चाचणी घेणं, या सगळ्याला वेगळा परवाना लागतो. तुमचा परवाना बंदूक बाळगायचा आहे, कारखान्याचा नाही. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ मोडायची शिक्षा कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. बंदूक बनवून विकणाऱ्या टोळीला आणि घरी नळी आवळणाऱ्या शेतकऱ्याला कलम एकच. तो लेथवालाही त्यातच गेला. रानडुकरानं एकराचा हरभरा नेला तर एक हंगाम जातो. हे प्रकरण अंगावर आलं तर वकिलापायी एकरच जातो.

आणि ज्यांना वाटतं की हातात रायफल आली म्हणजे डुक्कर मारायची मुभा आली, त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की बंदुकीचा परवाना वेगळा आणि वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खालची परवानगी वेगळी. शिवाय रायफलीची गोळी डुकरातून निघून दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते. पलीकडच्या शिवारात दुसरा कुणीतरी जागलीवर बसलेला असतो, हे रात्री दिसत नाही. शेताच्या राखणीला रायफल हे मुळात चुकीचं हत्यार, हे माझं जुनं मत आहे. कायद्यानंही पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक धरली आहे, आणि ती पुरत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर गुळगुळीत नळीची दुसरी. हे कलम १३ मध्ये लिहिलेलं आहे.

आता दुसऱ्या बाजूलाही चार शब्द, कारण पोरांचा राग उगाच नाही. परवाना असलेला बंदूक दुरुस्तीवाला आमच्यापासून दीडशे किलोमीटरवर आहे. जायला एक दिवस, ठेवून यायचं, परत आणायला एक दिवस, मध्ये पोलिसांनी विचारलं तर कागद दाखवायचे. प्रत्येक निवडणुकीला बंदूक ठाण्यात जमा करायची, ती खोलीत एकावर एक रचून ठेवतात, आणि परत मिळते तेव्हा नळीवर गंजाचे डाग असतात. त्याला जबाबदार कोण, ते कुणी लिहून देत नाही. असं असताना माणूस म्हणतोच, मरू दे, घरीच करतो.

पण त्याचं उत्तर लेथवर नाही. मागणी करायची तर अशी करा, की जिल्ह्याला निदान एक परवानाधारक दुरुस्तीवाला असावा, त्याच्याकडं ३१५ आणि बारा बोअरचे गेज असावेत, आणि वर्षातून एकदा तालुक्याच्या ठिकाणी येऊन त्यानं सगळ्या परवान्यांच्या बंदुका तपासाव्यात. जनावरांच्या लसीकरणाचं शिबिर भरतं, तर हेही भरू शकतं. जमा करताना नळीची अवस्था पावतीवर लिहून घ्यावी आणि परत देताना ताडून बघावी. हा अर्ज ग्रामसभेत ठराव करून कलेक्टर साहेबांकडं देता येतो. परवाना कलेक्टर कचेरीतूनच निघतो, म्हणून दार तेच.

आमच्या गावचा ठराव मी लिहून ठेवलाय, येत्या ग्रामसभेत मांडणार आहे. कुणाला नमुना पाहिजे असेल तर सांगा, पाठवतो. आणि ज्यांनी नळी आधीच खोललीय त्यांनी तिच्यातून एकही बार काढू नका. आहे तशी परवान्याच्या कागदासकट दुरुस्तीवाल्याकडं न्या, काय काय केलंय ते त्याला खरं सांगा आणि हेडस्पेस मोजून घ्या.